इंगळीचा फेरफार

काल गंगापूर रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जो पाणउतारा झाला, तो अजून घशाखाली उतरलेला नाही.

भाच्याने विंचू पाळलाय. पाळायचा त्याने, खेटे घालायचे मामाने. पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने 'एम्परर' म्हणून गळ्यात मारला. एम्परर म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला पँडिनस इम्पेरेटर. तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे नोंदणी हवी. पण 'एशियन फॉरेस्ट' म्हणून मिळणारा हेटरोमेट्रसही तसाच काळाकुट्ट, आणि तो यादीत नाही. दुकानदाराला फोन केला, "नक्की कोणता दिला?" म्हणाला, "साहेब, काळा."

आणि झेरॉक्सवाल्याकडे भरायला घेतलेल्या नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मवर चौकट होती : शास्त्रीय नाव.

माझ्या मागे सातबारा घेऊन दिंडोरीकडचे एक काका उभे होते.

"काय पाळेल हाये म्हन्ले?"

"विंचू."

"काळा? चिमटे जाड?"

"हो."

"मंग इंगळी म्हना ना! विंचू बारका, तांबडा. इंगळी डसली म्हंजी खेळ खल्लास."

आहे उलटंच. माणसं मारतो तो बारका तांबडा, हॉटेनटोटा टॅम्युलस. इंगळीचा डंख त्यामानाने परवडला. पण रांगेतल्या बाईंनी तोवर मुलाला माझ्यापासून दोन हात लांब ओढलं होतं.

"ईकत घेतली? कितीला?"

मी आकडा सांगितला. सांगायला नको होता.

"आठ हजार!" काका वळून रांगेला म्हणाले, "ह्या साहेबांनी इंगळी ईकत घेतली." मग माझी कीव येऊन, "आमच्या बांधावर या. दगड उचला, पाटीभर घिऊन जा."

रांग हसली. टाइप करणारा पोरगाही हसला. त्याला तर मी पैसे देणार होतो!

"काका, बागेत द्राक्षं कोणती?"

"सोनाका. थोडी माणिक चमन."

"म्हणजे थॉमसनच की."

काकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या खानदानावर बोललो. "थॉमसन कशी? सोनाकाचा मणी पाहा, केवढा लांब!" सोनाका थॉमसनमधूनच निघालीय, पण तिला स्वतंत्र नाव, मान, भाव. आणि विंचवाला? 'काळा'.

मी इरेला पेटलो. सांगितलं, की नुसतं हेटरोमेट्रस लिहूनही भागत नाही. 2020 साली संशोधकांनी ते घराणंच फोडलं, आपल्याकडच्या कित्येक इंगळ्या आता डेक्कनोमेट्रस झाल्यात.

काकांनी प्रथमच गंभीरपणे मान हलवली. "म्हंजी वाटण्या झाल्या."

"हो, तसंच."

"फेरफार लागला का?"

तेवढ्यात फॉर्मची वेळ संपली आणि पान कोरं झालं. पोराने 50 रुपये घेतलेच, वर "उद्या नाव पक्कं करून या" म्हणाला. काकांचं काम 2 रुपयांत झालं.