पाऊणपट वेग

अपूर्णांकांचा भागाकार माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा आला तो मंगळवारी रात्री साडेनऊला, कन्येच्या वहीतून. "बाबा, भागताना उलटं करून गुणायचं. पण का?"

मी जन्मभर उलटं करून गुणत आलोय. 'का' विचारायची आमच्या वर्गात पद्धत नव्हती. विचारणारा तास संपेपर्यंत बाकावर उभा असे. मी गंभीरपणे म्हणालो, "व्हिडिओ बघू."

यात कमीपणा नाही. २००४मध्ये बोस्टनचा सलमान खान (तो नव्हे!) न्यू ऑर्लिन्सच्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागला, त्यातूनच पुढे खान अकॅडमी ही मोफत ऑनलाइन शिकवणी झाली. त्याने व्हिडिओ टाकले, तर भावंडं म्हणाली, तू समोर असण्यापेक्षा यूट्यूबवरच बरा. आमच्या घरात माझ्याबद्दल हे मत आधीपासून आहे.

व्हिडिओ २४ मिनिटांचा. पहिली चार मिनिटं घंटी दाबण्यात गेली. मग सर म्हणाले, "छेद वर, अंश खाली. समजलं?"

कन्या म्हणाली, "नाही."

सर म्हणाले, "व्हेरी गुड!"

वैतागून तिने व्हिडिओच्या वेगाची यादी उघडली. झोपाळ्यावरून आमचे नाना डोकावले. ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५... "अरे, ही तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी! औटकी नाही का?" औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्या वेगाने सर बोलले असते तर निदान लवकर संपले असते.

"दीडपट केलंस तर चोवीस मिनिटं किती वेळात उरकतील?" नानांनी विचारलं.

"छत्तीस?"

"गाडी जोरात हाकली की उशिरा पोचते होय गं?"

ती गप्प झाली. नाना म्हणाले, "चोवीस मिनिटांत अर्धी मिनिटं किती?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि दिडात अर्धे किती?"

"तीन. म्हणजे दर मिनिटाला तीन-तीन संपणार... सोळा!"

"सोळा दिडे चोवीस," नानांनी शिक्का मारला.

तिने वहीत पाहिलं. आधी दोनाने गुणलं, मग तिनाने भागलं. "आजोबा, हेच उलटं झालं की!"

"तेच मी सांगत होतो," मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि पाऊणपट केलंस तर?"

मी अजून बोटं मोजत होतो. ती किंचाळली, "बत्तीस मिनिटं!" आणि धाडकन लॅपटॉप मिटला.