शेवाळ खाणारा पाहिजे

पुण्यातल्या कुठल्याही फिश टँकच्या दुकानात जाऊन ‘काचेवरचं शेवाळ खाणारा मासा आहे का हो?’ असं विचारा. दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, ‘सकर घेऊन जा.’ ‘कोणता सकर?’ असं विचारलंत की मान वर होते, आणि ‘आल्या शहाण्या’ हे वाक्य तोंडातून न निघताही आपल्याला ऐकू येतं. दुकानाच्या लेखी तोंडाने काचेला चिकटणारा प्रत्येक जीव सकर. काळा असला तर साधा सकर, पिवळा असला तर गोल्डन सकर, अंगावर नक्षी असली तर इंपोर्टेड सकर. शिवाय सगळे बोटभर लांबीचे. मोठेपणी कोण काय निघणार, हे त्यांच्या तोंडाकडे बघून सांगणं शाळेतल्या बाईंनाही जमलेलं नाही, मला कुठून जमणार?

आमच्या हॉलमधल्या अडीच फुटी टँकला शेवाळ धरलं होतं. काचेवर हिरवा थर, वाळूवर तपकिरी भुकटी आणि फिल्टरच्या नळीला काळे झुपके. मुलगा म्हणाला, ‘आई, मासे दिसत नाहीत.’ सासूबाई म्हणाल्या, ‘पाहुण्यांना काय सांगायचं?’ नवरा म्हणाला, ‘तू बघ ना जरा.’ आमच्या घरात जबाबदारीचं वाटप असंच होतं.

आमचा टँक कम्युनिटी टँक आहे. म्हणजे त्यात गप्पी, मोली, निऑन टेट्रा आणि एंजलची एक जोडी असे वेगवेगळ्या कुळांतले मासे गुण्यागोविंदाने राहतात, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो आमच्या हाउसिंग सोसायटीसारखा आहे. एंजल कमिटीवर असल्याच्या थाटात मधोमध फिरतात, निऑन घोळका करून कोपऱ्यात कुजबुजतात, मोली सगळ्यांच्या खाण्यात तोंड घालतात आणि गप्पींची माणसं दर महिन्याला वाढलेली असतात. इथे नवा सभासद आणायचा तर सगळ्यांची एनओसी हवी.

पहिला उमेदवार साधा सकर, म्हणजेच प्लेको. स्वस्त, मस्त, आणि ‘काळा मासा वास्तूलाही चांगला’ अशी पुरवणी. याची एनओसी सी विंगमधल्या काकांनीच हाणून पाडली. त्यांनी बोटभर सकर आणला होता, तो वाढत वाढत फुटाच्या वर गेला. टँकमध्ये वळायला गेला की झाडं उपटली जायची. सध्या तो गच्चीवरच्या निळ्या ड्रममध्ये राहतो आणि काका रोज त्याला बघायला वर जातात. ‘शेवाळ खातो का हो?’ मी विचारलं. ‘लहानपणी खायचा,’ काका म्हणाले. ‘आता पॅकेटचं खातो आणि घाण करतो.’ टँकमधली घाण सकर खातो हा समज कुणी पसरवला कोण जाणे. तो घाण खात नाही, करतो. आणि अंगापिंडाप्रमाणे भरपूर करतो.

वॉचमनने काकांना सल्ला दिला होता, ‘संगमावर नदीत सोडून द्या.’ असा सल्ला पुण्यात पुष्कळांना मिळतो आणि पुष्कळजण तो ऐकतातही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या माशाने उजनीतल्या मच्छीमारांना जेरीस आणलंय. अंगावर हाडांचं चिलखत आणि परांना काटे, त्यामुळे जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. काकांनी ड्रमचा खर्च सोसला, पण नदीत सोडला नाही, याबद्दल सोसायटीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा. सध्या नोटीस दिली आहे, गच्चीवर ड्रम ठेवल्याबद्दल.

दुसरा उमेदवार गोल्डन सकर. देखणा, चपळ, लहानपणी खरोखर कामसू. नाव चायनीज अल्गी ईटर, माहेर थायलंडच्या बाजूचं. मोठा झाला की त्याला शेवाळाचा कंटाळा येतो आणि तो चपट्या अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर ओरबाडून खायला लागतो. चपट्या अंगाचे आमच्याकडे कोण? एंजल. एनओसी बाद.

मग मी ‘खरा’ शेवाळ खाणारा शोधायला निघाले, सायमीज अल्गी ईटर. नळीवरचे ते काळे झुपके खाणारे मासे मोजकेच, त्यांतला हा एक. गोम एवढीच की याचे तोतये फार. अंगावर आडवा काळा पट्टा सगळ्यांनाच असतो. खऱ्याचा पट्टा थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि पर बिनरंगी असतात. फ्लाइंग फॉक्सच्या पट्ट्यावर सोनेरी रेघ असते, परांवर काळं-पांढरं असतं आणि डोक्यात आपला कोपरा, आपली हद्द असते. कागदावर हे सगळं सोपं दिसतं. दुकानात मात्र मी उकिडवी बसले होते, चष्मा घामाने नाकावरून घसरत होता, आणि समोर चाळीस मासे एका सेकंदात या टोकाकडून त्या टोकाकडे जात होते. एकाची शेपूट डोळ्यात भरावी तोवर ती दुसऱ्याची झालेली असायची. अखेर एक मासा दमून पानावर टेकला. मी काचेला नाक लावलं. पट्टा शेपटीत शिरतोय, शिरतोय... तेवढ्यात दुकानातल्या पोराने जाळी आत घातली आणि म्हणाला, ‘मॅडम, हाच ना?’ जाळीत भलताच होता. पण मूळ अडचण वेगळीच निघाली. हा पाच-सहा इंच होतो, दिवसभर पळतो आणि झाकण उघडं दिसलं तर बाहेर उडी घेतो. अडीच फुटांत त्याला कोंडणं बरं नाही.

ऑटो नावाचा दीड-दोन इंची मासा फार गुणी. तपकिरी भुकटी आवडीने खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला आपल्यासारखे पाच-सहा सोबती लागतात, टँक चांगला मुरलेला लागतो, आणि हे मासे बरेचदा नदीतून धरून आणलेले असल्याने दुकानात पोचेपर्यंत उपाशी असतात. शिवाय आमच्या एंजलांचं तोंड पाहता त्यांनी एनओसी दिली असती ती निव्वळ भुकेपोटी. हाच न्याय कोळंबीला. जपानच्या ताकाशी अमानो यांनी टँकमध्ये शेवाळ खाणारी कोळंबी लोकप्रिय केली. आमच्याकडे ती एंजलांमध्ये लोकप्रिय झाली असती. नेराइट गोगलगाय काच उत्तम साफ करते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत, ही केवढी सोय! पण ती जिथे-तिथे पांढरे ठिपके चिकटवून ठेवते, ही अंडी. ती फुटत नाहीत आणि निघतही नाहीत. हिरवं घालवून पांढरं आणायचं, हे सासूबाईंना पटलं नाही.

या सगळ्या काळात सोफ्यावरून अप्पांची टिप्पणी चालू होती. अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या आयुष्याचे दोनच भाग आहेत, पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर, म्हणजे १९६१ साली पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्याच्या आधी आणि नंतर. ‘पैसे देऊन शेवाळ खाणारा मासा? अगं, पानशेतच्या आधी ओंकारेश्वरापाशी मुठेच्या पाण्यात पाय सोडून बसलं की दगडाला चिकटलेले मासे दिसायचे. फुकट!’ अप्पांचं बोलणं नेहमी थोडं वाढीव असतं, पण हे खरं असावं. मळ्या नावाचा मासा आपल्याच नद्यांमधला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधल्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये छापलं, त्यात हा आहे. पण त्याला वाहतं, खळाळतं पाणी लागतं. आमच्याकडे गुरुवारी नळालाही पाणी नसतं.

शेवटी मी पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी आधी मासा दाखवलाच नाही. ‘ताई, लाइट किती तास चालू असतो?’

‘अप्पा उठल्यापासून अप्पा झोपेपर्यंत.’

‘सहा ते आठ तास बास. टँकवर ऊन येतं?’

‘पश्चिमेची खिडकी आहे.’

‘खाणं?’

‘दिवसातून एकदा,’ मी ठामपणे म्हणाले. शेजारून चिरंजीव बोलले, ‘आणि आजोबांच्या प्रत्येक चहाला एकदा.’

काकांनी चहा किती वेळा होतो ते विचारलं नाही. जुनी माणसं समंजस असतात. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यावर नि उजेडावर शेवाळ पोसतं. कुठलाही मासा आणा, तो हा पुरवठा थांबवू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि विजेचा टायमर विकला. मग ब्रिसलनोज दाखवला. हाही प्लेकोच्याच घराण्यातला, पण पाच-सहा इंचांवर थांबणारा. नराच्या नाकावर मिशांचं रान उगवतं. साधा सकर गळ्यात पडू नये म्हणून पाठीवरच्या परातले काटे मोजायचे. सात-आठ असले तर ठीक, नऊ-दहा किंवा जास्त असले तर तो मोठा होऊन गच्चीवर जाणारा. अर्थात मोजण्यासाठी त्याने पर उभारायला हवा. आम्ही तिघं बराच वेळ वाकून बसलो होतो. त्याने तो एकदाच उभारला, चिरंजिवांनी मोठ्याने मोजले, आणि माशाबरोबर एक लाकडाचा ओंडकाही घरी आला, कारण त्याला खरवडायला आणि लपायला तो लागतो.

एंजलांनी एकदा वास घेऊन एनओसी दिली. तक्रार फक्त अप्पांची. नवा मासा दिवसभर ओंडक्यामागे. ‘कामावर हजरच नाही!’ तो रात्रपाळीचा आहे हे समजावलं. टायमरने लाइट गेला की अप्पांना बातम्यांबरोबर मासे दिसेनात, तेही समजावलं. चहाबरोबरचं खाणं बंद झालं, हे मात्र समजावता येईना. काच स्वच्छ व्हायला लागली, आणि पेठेतल्या दुकानातल्या काकांचा निरोप आला की आता त्याला नुसत्या शेवाळावर ठेवू नका, अधूनमधून काकडीची चकती द्या. गरम पाण्यातून काढून, काट्याला टोचून तळाशी सोडायची, सकाळी उरलेली काढायची.

अप्पांना सनदशीर मार्ग सापडला. त्यांनी काकडी खातं ताब्यात घेतलं. आठवड्यातून दोनदा द्यायची ठरली आहे, पण ‘आज काकडीचा वार ना?’ ही चौकशी रोज होते. ठरल्या दिवशी ते स्वतः काकडीचं टोक कापून, कडू काढून, चव घेऊन, साल तासून बेताच्या जाडीची चकती करतात. मोली तिच्यावर तुटून पडतात, ब्रिसलनोजच्या वाट्याला रात्री मधला भाग येतो.

लग्नाला बावन्न वर्षं झाली, पण अप्पांच्या हातात सुरी दिसली नव्हती. परवा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग दोन काकड्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या.

‘आता बसलाच आहात, तर या कोशिंबिरीला चोचवून द्या. आणि हो, आमची चव घ्यायची गरज नाही.’