बायोडिझेल घरी करताय? मग खालच्या थराचं काय करणार, ते आधी ठरवा

तळणीच्या तेलापासून बायोडिझेल करायचे व्हिडिओ बहुतेक वेळा वरचा सोनेरी थर दाखवून संपतात. खालचा तपकिरी थर "ग्लिसरीन आहे, साबण करा, झाडांना घाला" एवढ्यावर उरकतात. हा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

१०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) घालतात. त्यातलं १२ लिटरच्या आसपास अभिक्रियेत खर्च होतं. उरलेल्यातलं बरंचसं खालच्या थरात उतरतं, सोबत साबण आणि कॉस्टिकही (अभिक्रिया घडवायला घातलेली दाहक अल्कली). मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. ते कातडीतूनही आत शिरतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. त्यामुळे हा थर किंवा त्यातून काढलेलं मिथेनॉल पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नका.

पहिलं काम मिथेनॉल काढायचं. उघड्या कढईत उकळून "उडवून" नाही! त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही. स्टीलचं भांडं, त्याला कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारी नळी), आसपास शेगडी नाही, ठिणगी पडेल असा स्विच नाही, आणि कंडेन्सरचं टोक कायम मोकळं. शुद्ध मिथेनॉल ६५ अंशाला उकळतं, पण मिश्रणात ते कमी होत गेलं की उकळायचं तापमान चढत जातं. ६५ वरच थांबलात तर बरंच आत राहतं. थेंब बंद होईपर्यंत उष्णता हळूहळू वाढवावी लागते. साबणामुळे फेस येऊन कंडेन्सरमध्ये शिरतो, म्हणून भांडं निम्म्याच्या वर भरू नका. ॲल्युमिनियमचं भांडं तर नकोच, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो.

माझं ठाम मत: कॉस्टिक सोडा नको, कॉस्टिक पोटॅशच वापरा. सोड्याचा थर थंड झाला की गोठून ड्रममध्ये बसतो, आणि त्यातलं सोडियम जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक करतं. ऊसपट्ट्यात आधीच चोपण जमिनी काय कमी आहेत? पोटॅशच्या थरात फॉस्फोरिक ॲसिड घातलं की वर तेलाम्लं (साबण फुटून सुटलेली तेलातली आम्लं), मध्ये ग्लिसरीन, तळाशी पोटॅशियम फॉस्फेट असे थर पडतात. तळाचा क्षार खताचा. मिथेनॉल काढलेलं ग्लिसरीन पाचटात थोडं थोडं मुरवून कंपोस्टला चालतं. एकदम ओतलंत तर ढिगातली हवा संपते आणि तो सडून घाण मारतो.

तयार बायोडिझेल पाण्याने धुतात, ते धुवणाचं पाणी ओढ्यात सोडू नका, सेप्टिक टँकमध्येही नाही. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे मरतात. ड्रममध्ये साठवा, ॲसिड घालून पीएच ५ च्या आसपास आणा. रात्रभरात साबण फुटून तेल वर येतं. ते काढून घ्या, मग पीएच ७ करा. बायोडिझेलमधलं मिथेनॉल धुण्याआधीच काढलंत तर ते पाण्यात फारसं उतरत नाही. एवढं झाल्यावरही हे पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जोडलेल्या गटारातच जाऊ द्या.

ग्लिसरीन चुलीत जाळायचा सल्लाही ऐकू नका. कमी आचेवर त्यातून ॲक्रोलीन निघतं, ते डोळे आणि फुप्फुसं जाळतं.

आणि पुसायच्या चिंध्या! बायोडिझेलने भिजलेला बोळा हवेत आपोआप तापून पेटू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा.