‘पेट्रोलचा गाळ’ म्हणून जेली टाकून देण्याआधी

थंडी पडली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. पेट्रोलियम जेली म्हणजे पेट्रोलचा गाळ, ती रक्तात उतरून कॅन्सर करते, म्हणूनच युरोपात तिच्यावर बंदी आहे, ती त्वचेला श्वास घेऊ देत नाही आणि ओठ काळे करते, असा त्याचा सारांश. यंदा तो वाचून माझ्या आईने टाचांना जेली लावणं बंद केलं. पंधरवड्यात भेगा इतक्या खोल गेल्या की चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. म्हणून हे लिहिते आहे.

‘पेट्रोलचा गाळ’: जेली खनिज तेलातून येते, एवढं खरं. रॉबर्ट चीझब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला होता. तिथे पंपाच्या दांड्यांवर मेणचट थर साचायचा आणि कामगार तोच कापल्या-भाजल्यावर लावायचे. चीझब्रोने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. पेट्रोल हलकं, हवेत उडून जाणारं. जेलीचे रेणू लांब आणि जड. ऊस एकच असला तरी गूळ वेगळा आणि मळीची दारू वेगळी.

‘कॅन्सर आणि युरोपातली बंदी’: भीतीचं मूळ इथे आहे आणि ते अगदीच हवेतलं नाही. कच्च्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलात कॅन्सरकारक घटक असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था अशा तेलांना पहिल्या, म्हणजे निश्चित कॅन्सरकारक गटात ठेवते. पूर्ण शुद्ध केलेली तेलं मात्र त्या गटात नाहीत. युरोपात सरसकट बंदी नाही, अट आहे: शुद्धीकरणाचा पूर्ण तपशील माहीत हवा आणि मूळ पदार्थ कॅन्सरकारक नसल्याचं दाखवता आलं पाहिजे. आपल्याकडे डबीवर ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आयपी’ असं लिहिलेलं बघून घ्या. आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाचं मानक. सुटी, बिनलेबलची, वास येणारी जेली घेऊच नका. राहिला रक्ताचा प्रश्न. हे जड रेणू त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरातच राहतात.

‘त्वचा श्वास घेत नाही’: श्वास फुप्फुसं घेतात. त्वचेला प्राणवायू मुख्यतः रक्तातून मिळतो. जेली अडवते ती त्वचेतून उडून जाणारी वाफ, आणि तेच तर तिचं काम. तिच्यात स्वतःचा ओलावा थेंबभरही नसतो, त्यामुळे कोरड्याठाक टाचेवर लावून तितका फायदा होत नाही. आधी दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचे, टिपून घ्यायचे आणि कातडी ओलसर असतानाच जेली लावायची. लहान जखमेवरही हेच तत्त्व लागू पडतं. साबण-पाण्याने धुऊन पातळ थर दिला की खपली कडक होत नाही आणि जखम लवकर भरते.

‘ओठ काळे होतात’: ऊन, सिगारेट, सतत ओठ चाटण्याची सवय, टूथपेस्टची किंवा लिपबामच्या सुगंधाची अ‍ॅलर्जी, ही कारणं आधी तपासा. साध्या जेलीची अ‍ॅलर्जी फार क्वचित होते.

मला राग याचा येतो की खरे धोके या मेसेजमध्ये नाहीतच. नाकात रोज जेली घालू नये. ती हळूहळू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ताज्या भाजल्यावर आधी वीस मिनिटं वाहतं पाणी, जेली नाही. रबरी निरोधाबरोबर ती वापरू नये, रबर कमकुवत होतं. जेली मुरलेले कपडे भराभर पेटतात, चुलीपाशी जपा. आणि मधुमेह असेल तर खोल भेग डॉक्टरांनाच दाखवा.

आईने गेल्या रविवारपासून पुन्हा सुरुवात केली आहे. रात्री पाय भिजवते, जेली लावते आणि वर माझे जुने सुती मोजे घालते. कडा मऊ पडल्या आहेत. डाव्या टाचेची एक भेग अजून उघडी आहे.