अंग चोरून उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात मी बायकांचे ब्लाउज शिवते. टेप हातात घेतला की समोरची आधी माफीच मागते. "ताई, दंड लई जाड झालेत, बाही कोपरापर्यंत घ्या." "सिझरनंतर पोट सुटलंय हो." विड्या वळणारी असो, शिक्षिका असो की लग्न ठरलेली पोरगी, अंग चोरूनच उभी राहते. त्यानं माप चुकतं ते वेगळंच, पण मनाला लागते ती माफी.

म्हणून आज अशा विषयावर लिहितेय, ज्याचं नाव काढलं की लोक फिदीफिदी हसतात नाहीतर शिव्या घालतात. नॅचरिझम. ठरलेल्या जागी, सगळ्यांच्या संमतीनं, कपड्यांशिवाय एकत्र राहणं, पोहणं, जेवणं. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चालत आलंय. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या मोंतालिव्हेला त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिनं १९७४ साली केलेल्या व्याख्येत स्वतःचा, दुसऱ्याचा आणि निसर्गाचा आदर राखणं आहे. टक लावून बघायचं नाही, न विचारता फोटो काढायचा नाही, बसताना स्वतःचा टॉवेल खाली घालायचा, असे तिथले साधे नियम. वासनेला तिथं जागा नाही.

लंडनच्या गोल्डस्मिथ्समधले मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांनी २०१७ मध्ये ८४९ ब्रिटिश लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. अशा ठिकाणी जास्त जाणाऱ्यांना स्वतःचं शरीर जास्त आवडत होतं आणि जगण्यातलं समाधानही जास्त होतं. नुसत्या पाहणीवरून कशानं काय झालं ते कळत नाही, म्हणून त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रमांना आलेल्यांना आधी आणि नंतर असं दोनदा विचारलं. तिथंही फरक दिसला.

मला यात नवल वाटत नाही. आजच्या पोरीनं किती खरी शरीरं पाहिलेली असतात? आरशातलं एक आणि मोबाइलमधली हजार, तीही फिल्टर लावलेली. आषाढीला पंढरपूरला जाऊन बघा. सत्तरीच्या बायका चंद्रभागेत बुडी मारून वाळवंटातच लुगडं बदलतात. सुरकुतलेली पाठ, ओघळलेले दंड, पोटावरचे बाळंतपणाचे वण, सगळं उन्हात असतं आणि शेजारची बाई आपले केस पिळत असते. त्या बायकांना आपलं शरीर बिघडलंय असं कुणी शिकवलेलंच नाही. पुरुषांना तालमी होत्या. लंगोटावर घाम गाळताना बारका, ढेरपोट्या, सगळे एका मातीत. आमच्या वाट्याला कडी लावलेली मोरी आली.

हे परदेशी फॅड आहे, असं कुणीतरी म्हणेलच. ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी १८९१ साली तिथं 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली होती. माणूस इंग्रज आणि सभासद अवघे तीन, हे खरं. पण र. धों. कर्वे तर आपले होते ना? १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी लैंगिक शिक्षणाचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापली, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

आणि आपल्या शहरात दिगंबर मुनी येतात, तेव्हा लेकीबाळींसकट माणसं वाकून नमस्कार करतात. मुनींची नग्नता शरीराचा मोह सोडण्याची, नॅचरिझमची शरीराला आपलं म्हणण्याची. दोन्ही एका तराजूत घालायच्या नाहीत. पण नग्न शरीरासमोर नजर स्वच्छ ठेवता येते, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको.

गावात कपडे काढून फिरा असं मी म्हणत नाही. कायदा आहे, आणि ज्या रस्त्यावर अंगभर कपड्यातल्या पोरीलाही टोमणे पडतात तिथं तिला हे सांगणं क्रूरपणाचं होईल. मला हवंय ते घरातलं. आईनं आपलं पोट लेकीपासून लपवू नये. न्हाणीघरातून बाहेर येताना मावशीनं, आजीनं एवढी घाई करू नये. वण दिसला तर पोरीला विचारू द्यावं, आणि तो कशाचा ते सांगावं.

दुकानात मी एक नियम केलाय. मुलीचं माप चालू असताना आईनं तिच्या अंगावर बोलायचं नाही. "हिची छाती बघा ना, काही भरतच नाही" हे तर अजिबात नाही. परवा एक बाई यावरून कापड उचलून निघून गेल्या. जाऊ देत. नियम राहणार.