मगरीचा बोध

सुनेने नातीला ग्रंथालयाच्या वाचनवर्गात घातलं आणि ने-आण खातं बिनविरोध माझ्याकडे आलं. शाळा सुटल्या सुटल्या गोखले रोडच्या गर्दीतून पोर ओढत न्यायचं, आणि तेही भेळवाल्याच्या समोरून! वाचनसंस्कृती टिकवणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

ठाण्याला वाचनाचं वेड जुनं. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ साली सुरू झालं. ज्यांनी सुरू केलं त्या थोर मंडळींच्या गळ्यात नातवंडांची दप्तरं नसावीत.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन या भारतीय ग्रंथपालांनी १९३१ मध्ये मांडले. पहिला नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आमच्या वर्गाला तो तोंडपाठ असावा. एक बुटका वीर टेबलापर्यंत हात पोचावा म्हणून जाडजूड शब्दकोशावर बसतो. दुसरा पुस्तकाने वारा घेतो, कारण पंखा फक्त ग्रंथपालबाईंच्या डोक्यावर. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. इथे नुसतं पुस्तक निवडण्यात निम्मा तास जातो, कारण मगरीचं चित्र असलेलं पुस्तक एकच आणि गिऱ्हाइकं चार. ‘शांतता राखा’ ही पाटी मुलं मोठ्याने, एका सुरात वाचून दाखवतात. वाचनवर्गच ना तो!

मगर अखेर नातीला मिळाली. तिच्या डोळ्यावरच ग्रंथालयाचा जांभळा शिक्का बसलेला, त्यामुळे बिचारी मार खाऊन आल्यासारखी दिसते. नात ओळीखाली बोट धरून वाचू लागली. माकडाने मगरीला गंडवलं तिथे अशी खिदळली की शब्दकोशावरचा वीर घसरला. मला विचाराल तर वर्ग इथेच सुटायला हवा होता.

पण मग येतो तो तक्ता: पुस्तकाचं नाव, पात्रं, आणि ‘मिळालेला बोध’. मोठ्यांनी पुस्तक वाचलं तर त्यांना कोणी बोध विचारत नाही. विचारला असता तर निम्म्या ठाण्याने वर्गणी बंद केली असती. बाहेरच्या बाकावर आया एकमेकींना ‘तुमच्याकडे काय लिहिलं?’ विचारत होत्या. सगळ्यांचं ‘संकटात युक्तीने वागावं’ ठरलं.

नातीने पेन्सिल चावत लिहिलं, ‘माकडाचं काळीज झाडावर असतं.’

बाईंनी लाल पेनाने शेरा मारला: पुन्हा वाचणे. नातीला वाटलं बक्षीसच मिळालं, पुस्तक आणखी आठवडाभर घरी! आता रोज रात्री मगरीचा आवाज मी काढतो. माकड तीच होते, मला कधीच होऊ देत नाही.