उंची वाढवलेल्या हायलक्सच्या अलाइनमेंटविषयी आलेल्या तक्रारीला आमचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या कुर्ल्यातील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवण्याच्या) केंद्राला एक तारा देताना आपण लिहिले आहे की पैसे मोजूनही गाडी डावीकडे ओढते, प्रिंटआउटवर लाल (मर्यादेबाहेरचे) आकडे तसेच ठेवून गाडी परत दिली गेली, पुढचे डावे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले आणि वर अपर कंट्रोल आर्म (चाक चॅसीशी जोडणारा वरचा दांडा) बदलण्याचा खर्च गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. नंतर दुसरीकडे कमी पैशांत 'सगळे हिरवे' करून मिळाले, असेही आपण नमूद केले आहे. मात्र त्याच अभिप्रायाच्या शेवटी ओढ अजून पूर्ण गेलेली नाही, हेही आपणच लिहिले आहे. आक्षेप जाहीर असल्याने उत्तरही सविस्तर आणि जाहीर देत आहोत, कारण उंची वाढवलेल्या पिकअपच्या अनेक मालकांना हाच प्रश्न पडतो.

आपली गाडी आमच्याकडे आली तेव्हा लिफ्ट किट (उंची वाढवणारा संच) आधीच बसवलेले होते आणि ते काम आमचे नव्हते. पुढे फक्त एक इंचाचा स्पेसर (जाड चकती) आहे, असे आपण काउंटरवर सांगितले होते. तो स्पेसर शॉकच्या वरच्या टोकाला बसतो आणि शॉकचे खालचे टोक लोअर आर्मच्या (चाक जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) साधारण मध्यावर टेकते, त्यामुळे वर एक इंच वाढवला की चाकापाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप आम्ही आपल्यासमोरच घेतले होते. पुढची वाढ दोन इंचांची आणि मागे स्प्रिंगचा जादा पाटा व लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी कडी) असल्यामुळे तिथली वाढ तीन इंचांची भरली. पुढचा सगळा मजकूर समजून घेण्यासाठी ही दोन मापे महत्त्वाची आहेत.

गाडी वर उचलली गेली की पुढचे दोन्ही आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाला जाणारी सळी) बाहेरच्या टोकाकडे अधिक खाली झुकतात, आणि त्याबरोबर टो (वरून पाहता चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) व कॅस्टर (बाजूने पाहता चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल) हे तिन्ही कोन आपल्या जागेवरून सरकतात. यांपैकी टो टाय रॉड फिरवून सरळ करता येतो आणि आम्ही तो केला. तो महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. एका चाकाचा टो अर्धा अंश चुकला तर ते चाक दर किलोमीटरमागे जवळजवळ नऊ मीटर आडवे घासले जाते, आणि टायर खाण्याचे खरे कारण बहुतेक वेळा हेच असते.

खरा पेच कॅस्टरचा आहे. सायकलचा पुढचा चिमटा किंचित पुढे झुकलेला असतो, त्याचीही मदत होऊन हात सोडले तरी ती सरळ धावते. मोटारीच्या चाकाचा वळण्याचा अक्षही तसाच कललेला असतो आणि मुख्यतः त्या कलामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. हा कल कमी झाला की स्टिअरिंग हलके लागते, परत येत नाही आणि वेग वाढला की गाडी रस्त्यावर भटकते. आपल्या गाडीत लोअर आर्मच्या बुशपाशी (चॅसीला जोडणाऱ्या रबरी सांध्यापाशी) पुढे आणि मागे असे दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे बोल्ट) आहेत. दोन्ही एकाच दिशेने फिरवले तर कॅम्बर बदलतो आणि विरुद्ध दिशांना फिरवले तर कॅस्टर बदलतो, म्हणजे दोन्ही कोनांची दुरुस्ती त्याच थोड्याशा वावातून करावी लागते. उंची वाढल्यावर कॅम्बर जागेवर आणण्यातच बराचसा वाव संपतो आणि कॅस्टरसाठी फारसे काही उरत नाही. आपल्या डाव्या बाजूच्या दोन्ही कॅमच्या खुणा शेवटच्या रेषेला टेकलेल्या होत्या, आणि टॉर्च धरून त्या आपल्याला गाडीखाली दाखवल्या गेल्या. त्यापुढे बोल्ट फिरवला तर कोन सुधारत नाही, उलट परत मागे यायला लागतो.

एवढे करून कॅस्टर डावीकडे ०.६ अंश आणि उजवीकडे १.५ अंश राहिला. गाडी नेहमी कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते, आणि दोन बाजूंमध्ये अर्ध्या-पाऊण अंशाहून जास्त फरक असला की तो हाताला जाणवतो. आपण ज्याला लाल आकडे म्हणता ते हेच दोन आकडे होत.

आता हिरव्या कागदाविषयी. अलाइनमेंटच्या मशीनमध्ये गाडीचे मॉडेल निवडले जाते आणि त्या मॉडेलच्या मर्यादेत बसणारा आकडा हिरवा दिसतो. कॅस्टर मोजण्यासाठी पुढची चाके फिरत्या प्लेटवर ठेवून ठरावीक अंशांनी डावीकडे आणि उजवीकडे वळवावी लागतात. ही पायरी गाळली तर कॅस्टरचा रकाना रिकामा राहतो आणि केवळ टो हिरवा झालेला कागद हातात मिळतो. दुसरे मॉडेल निवडले तर लाल आकडाही हिरवा होऊ शकतो. आपल्याला मिळालेल्या दुसऱ्या कागदाविषयी तो न पाहता आम्ही काही म्हणणार नाही, पण त्यावर कॅस्टरचे आकडे छापलेले आहेत का आणि वर मॉडेल कोणते लिहिले आहे, एवढे आपण स्वतः तपासावे. आमच्या मते लाल आकडा लाल छापून देणे हाच मोजमापाचा प्रामाणिकपणा आहे, मग त्यापायी एक तारा मिळाला तरी चालेल.

मागच्या बाजूचा भाग आपल्या अभिप्रायात आलेला नाही, पण तो या कामाचा निम्मा हिस्सा होता. मागचा भाग पुढच्यापेक्षा एक इंच जास्त वर गेल्याने सबंध गाडी नाकावर झुकते, आणि हायलक्सचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) ३०८५ मिलिमीटर असल्याने एवढ्याशा झुकावात सुमारे अर्धा अंश कॅस्टर जातो. ज्या गाडीकडे जेमतेम अर्धा ते दीड अंशच उरला आहे तिच्यासाठी अर्धा अंश ही मोठी घट आहे. शिवाय आपले स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही तिरके राहत होते, त्याचे मूळ मागच्या अ‍ॅक्सलमध्ये निघाले. पाट्यांच्या गठ्ठ्यातून जाणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील भोकात बसायला हवे असते. जादा पाटा घालताना उजवीकडचे डोके भोकाच्या काठावर टेकलेले राहिले होते आणि यू-बोल्ट त्यावरच आवळले गेले होते, त्यामुळे अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकला होता. काठावर धातू घासून चकचकीत झाला होता. यू-बोल्ट सैल करून, डोके भोकात बसवून ते पुन्हा आवळण्याचे काम आम्ही केले, आणि त्यानंतर स्टिअरिंग मध्यावर आले. या कामाचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, हे बिलावर दिसेल.

ओढ तपासण्यासाठी आमचा तंत्रज्ञ आपल्याबरोबर मानखुर्दहून वाशीपर्यंत आला होता. पावसाचे पाणी कडेला वाहून जावे म्हणून आपल्याकडच्या रस्त्यांना डावीकडे थोडा उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये कोणतीही गाडी किंचित डावीकडे जाते. म्हणून चाचणी उजव्या लेनमध्येही घेतली. ओढ कमी झाली, पण गेली नाही. मग पुढची दोन्ही टायर डावी-उजवी अदलाबदल करून पुन्हा पाहिले. टायरमध्ये दोष असता तर ओढीची दिशा बदलली असती. ती बदलली नाही, आणि दोष कॅस्टरमधील फरकाचाच आहे हे तिथे स्पष्ट झाले.

डाव्या टायरची आतली कड आमच्या कामानंतर खाल्ली गेली, हे म्हणणे मात्र आम्हाला मान्य नाही. गाडी रॅम्पवर घेतली तेव्हाच त्या कडेवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागत होते, जे चुकलेल्या टोचे ठळक लक्षण आहे. ती नोंद जॉब कार्डवर आहे आणि खाली आपली सही आहे. झिजलेला रबर अलाइनमेंटने भरून येत नाही.

अपर आर्मबद्दल सांगायचे तर आम्ही ते विकत नाही. उंची वाढवलेल्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या अपर आर्ममध्ये बॉल जॉइंटची (चाक वळते त्या वरच्या सांध्याची) जागा मागे घेतलेली असते, त्यामुळे कॅम बोल्टचा वाव न खर्चता कॅस्टर परत मिळतो. ते कुठूनही घ्या. तो खर्च नको असेल तर मागचा जादा पाटा काढून गाडी सपाट करणे आणि पुढचा स्पेसर पातळ घेणे हा स्वस्त मार्ग आहे, आणि आमचा कल त्याकडेच होता, हे आपल्याला तेव्हाही सांगितले होते. या निमित्ताने हेही सांगायला हवे की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. लिफ्ट किट बसवण्याच्या कामात आम्ही पडत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपण यांपैकी कोणताही मार्ग निवडलात तर रबराच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगावे. गाडी हवेत लटकत असताना ते आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. त्यानंतर पाचशे ते हजार किलोमीटर चालवून, स्प्रिंग आणि पाटे बसले की गाडी आणावी. त्या वेळचे तिन्ही कोनांचे मोजमाप आम्ही विनामूल्य करू. जॉब कार्ड, टायरची छायाचित्रे आणि आधीच्या व नंतरच्या मोजमापाच्या प्रती आपल्या नावाने काउंटरवर ठेवल्या आहेत. सोमवारी केंद्र बंद असते.

आपला,
केंद्रचालक, कुर्ला, मुंबई